चांदण्यातल्या पाण्यात उभी माणसं तैलरंगात निळी, चिकटवल्यासारखी का दिसतात?

कारण त्वचेच्या रंगात पांढरा जास्त पडतोय आणि कडा सगळीकडे सारख्याच धारदार आहेत. चंद्र त्या माणसांच्या मागे असला की अंग जवळजवळ काळंच दिसतं. त्यासाठी ट्यूबमधला काळा न घेता बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळा. सगळ्यात उजळ रंग पाण्यावरच्या चमकेसाठी राखा, ओल्या खांद्यावर फक्त एक बारीक रेघ. कंबर जिथे पाण्यात शिरते तिथली कड, रंग ओला असतानाच, कोरड्या ब्रशने आडवी पुसून घ्या. फरक तिथेच पडतो! अस्फाल्टचा, म्हणजे डांबरापासून केलेला तपकिरी मात्र टाळाच, रशियन चित्रकार कुइंजींचं १८८० चं नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं चित्र त्यामुळे काळवंडलं. चंद्र तुमच्या पाठीमागे असेल तर हे लागू नाही. तेव्हा अंग फिकट राखाडी रंगवा.