वाचकांचे प्रश्न : लाइफबोट आणि काठावरची माणसे

प्रश्न : आम्ही पवनी तालुक्यातील वैनगंगेकाठचे ढिवर. पुरात कुणी अडकले की पहिला निरोप आमच्याच डोंग्यांना येतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील लहान मासेमार गावांत बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी वेगळी लाइफबोट असते आणि गावकरीच ती बिनपगारी चालवतात, असे वाचनात आले. हातावर पोट असलेल्या मासेमारांना हे परवडले कसे? आमच्या संस्थेला त्यातून काही घेण्यासारखे आहे का?
– एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, मात्र एकट्या मासेमारांना ते कधीच परवडले नसते. सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली आणि तीच पुढे रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या नावाने ओळखली जाऊ लागली. बोट संस्थेची आणि ती चालवणारे हात गावाचे, अशी व्यवस्था रुळली. पगार नसे, बोट बाहेर काढावी लागली, तर त्या फेरीपुरता थोडा मोबदला मिळे.

बोटीवर बसणाऱ्यांपेक्षा काठावर राहणाऱ्यांचे काम किती मोठे होते, हे डेव्हन परगण्यातील लिनमथ या गावाने दाखवून दिले. १२ जानेवारी १८९९ च्या संध्याकाळी ‘फॉरेस्ट हॉल’ हे जहाज १८ जणांसह संकटात सापडल्याची तार आली, पण लाटा इतक्या उसळत होत्या की ‘लुईझा’ ही लाइफबोट गावातून पाण्यात उतरवणेच अशक्य होते. तेव्हा बोटीचा प्रमुख जॅक क्रोकोम्ब याने ती डोंगरावरून सुमारे २१ किलोमीटर दूर असलेल्या पॉरलॉकच्या बंदरात नेण्याचे ठरवले. सुमारे शंभर माणसे आणि डझनाहून अधिक घोडे यांनी ती अवजड बोट भर पावसात खड्या चढावर ओढली. एका ठिकाणी वाट इतकी अरुंद निघाली की बोट गाड्यावरून उतरवावी लागली. तिच्याखाली लाकडी फळ्या टाकायच्या, बोट पुढे सरकवायची, मागे राहिलेल्या फळ्या उचलून पुन्हा पुढे मांडायच्या, असे करत ती पुढे नेली. वाटेतली भिंत फोडली, झाडही तोडले. पहाटे बंदर गाठताच नावाडी तसेच वल्ही मारत निघाले, आणि जहाजावरचे सर्वजण वाचले. बोट ओढणाऱ्या त्या शंभर जणांशिवाय यातले काहीच घडले नसते, असे मला मनापासून वाटते. डंजनेससारख्या गावांत तर बोट पाण्यात लोटण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकाच करत.

आता खर्चाविषयी. ९ डिसेंबर १८८६ रोजी ‘मेक्सिको’ या जहाजाच्या मदतीला गेलेल्या लाइफबोटींवरील २७ जण बुडाले आणि त्यांची कुटुंबे उघड्यावर पडली. हे पाहून सूतगिरणी व्यवसायातील चार्ल्स मकारा यांनी १८९१ मध्ये मँचेस्टरच्या रस्त्यांतून लाइफबोटींची मिरवणूक काढून भर रस्त्यात लोकांकडून वर्गणी गोळा केली. मँचेस्टर हे काही समुद्रकाठचे शहर नव्हे. वऱ्हाडचा कापूस ज्या प्रदेशातील गिरण्यांकडे जात असे, त्याच प्रदेशातील हे शहर. तेथील सामान्य लोकांनी, ज्यांचा बोटीशी कधी संबंध आला नसेल अशांनीही, पैसे दिले. संस्थेचा खर्च आजही मुख्यतः देणग्यांवरच चालतो.

आपल्या संस्थेने सर्वांत आधी लाइफ जॅकेट घ्यावीत. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबीची लाइफबोट उलटली, तेव्हा तिच्यावरील १३ जणांपैकी १२ बुडाले आणि हेन्री फ्रीमन हा एकच वाचला. बुचाचे नवे जॅकेट त्या दिवशी फक्त त्याच्याच अंगावर होते. उत्तम पोहणाऱ्यालाही जॅकेट हवेच, कारण पुराच्या ओढीत हातपाय थकतात. दुसरे, पावसाळ्याचे चार महिने एक डोंगा जाळ्यांपासून मोकळा ठेवावा आणि तो कोण काढणार, कोण वल्हवणार, काठावरून दोर कोण धरणार, हे आधीच ठरवावे. वर्गणी केवळ ढिवरांकडून न घेता ज्यांची शेते पुरात जातात त्या सर्व गावांकडून घ्यावी. त्या किनाऱ्यांवरील बोटघरांत लाकडी फलक असतात आणि त्यांवर तारीख, जहाजाचे नाव व वाचलेल्यांची संख्या रंगवलेली असते. आपल्या वडीलधाऱ्यांनी कोणत्या पुरात कोणाला काढले, हे त्यांना विचारून संस्थेच्या कार्यालयात असा फलक लावावा. वर्गणी मागायला जाताना तो दाखवता येईल.