खेड्यात राहून स्तोत्रसंहिता आणि पौलाची पत्रं स्वतःची स्वतः कशी अभ्यासावीत?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यात तुमची शेती आहे, चर्चचे पाळक महिन्यातून एखाद्या रविवारी येतात आणि घरात एकच बायबल आहे. स्तोत्रं मनाला लागतात, पण पौलाची पत्रं दोन अध्यायांपुढे सरकत नाहीत. दोन्हींचा अभ्यास घरच्या घरी कसा करावा, असं विचारलंय.

मला वाटतं, दोन्ही तुम्ही एकाच चालीनं वाचता आणि तिथंच अडतं. स्तोत्र थोडं घ्यायचं आणि पुन्हा पुन्हा वाचायचं. पत्र मात्र सबंध घ्यायचं, तेही शक्यतो एका बैठकीत. आणि दोघांना वेगळ्या कप्प्यांत ठेवू नका. पौल, म्हणजे येशूनंतर गावोगाव मंडळ्या उभारून त्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, लहानपणापासून स्तोत्रांवर वाढलेला यहुदी माणूस आहे. त्याच्या पत्रात जिथं स्तोत्राची ओळ येते, तिथं थांबून ते स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तर पत्रातला अवघड भाग बराचसा मोकळा होतो.

साहित्य फार लागत नाही. दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल. बायबलचा कागद पातळ असतो, जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते आणि तिथला मजकूर खराब होतो, म्हणून पेन्सिलच. मोबाइलवर बायबलचं ॲप असेल तर मराठी आवृत्ती एकदा रेंजमध्ये असताना उतरवून ठेवा, म्हणजे वावरात नेटवर्क नसलं तरी चालेल. नेहमीची आवृत्ती आणि एखादी सोप्या मराठीतली, अशा दोन असल्या तर पत्रांसाठी फार उपयोग होतो. पौलाचं एकेक वाक्य पाच-सहा वचनं लांब जातं. सोप्या आवृत्तीत तेच तोडून दिलेलं असतं.

आधी स्तोत्रं. एकूण १५० आहेत आणि त्यांची पाच पुस्तकं पाडलेली आहेत: १ ते ४१, ४२ ते ७२, ७३ ते ८९, ९० ते १०६ आणि १०७ ते १५०. पहिली चार पुस्तकं देवाच्या स्तुतीच्या वचनानं संपतात, आणि पाचव्याच्या शेवटी १५० वं स्तोत्र सगळंच्या सगळं स्तुतीचं आहे. बहुतेक जण पहिल्यापासून रोज एक असा नेम धरतात आणि ११९ वर येऊन थकतात. त्यात १७६ वचनं आहेत. ते एका दिवसाचं नाहीच. इब्री (हिब्रू) वर्णमालेतल्या २२ अक्षरांप्रमाणे त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग आहेत, रोज एक भाग घ्या. बाकीच्यांपैकी एका स्तोत्राला निदान तीन दिवस द्या.

पहिल्या दिवशी फक्त मोठ्यानं दोनदा वाचा. ही गाणी आहेत, मनातल्या मनात वाचली की अर्धी हातची जातात. शीर्षक सोडू नका. ३ व्या स्तोत्रावर, दावीद राजा आपल्या मुलापासून, अबशालोमापासून, पळाला तेव्हाचं असं लिहिलंय, ५१ व्यावर नाथान संदेष्टा त्याच्याकडे आल्याचं. मुलगा बापावर उलटलाय हे कळल्यावर तिसऱ्या स्तोत्रातली झोप वेगळी वाटते. दुसऱ्या दिवशी वहीत लिहा: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि बोलणं कुठं वळतं. हे वळण शोधणं हा स्तोत्राच्या अभ्यासाचा गाभा आहे. २३ व्या स्तोत्रात पहिल्या तीन वचनांत देवाविषयी ‘तो’ असं बोलणं चालू असतं. चौथ्यात, मृत्युच्छायेच्या खोऱ्यात, ते ‘तू’ होतं. १३ व्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत: पहिल्या दोनांत ‘कुठवर’ हा प्रश्न चार वेळा, मग दोन वचनं मागणं, मग दोन वचनं भरवसा. मधे परिस्थिती बदलल्याचा कुठंही उल्लेख नाही. तिसऱ्या दिवशी एकच ओळ निवडा आणि ती दिवसभर सोबत न्या. वेचणीला किंवा निंदणाला हात चालू असतात, डोकं मोकळं असतं. मनन त्याच वेळी होतं, त्यासाठी वेगळी जागा शोधत बसू नका.

पाठांतरासाठी १३० वं घ्या, आठच वचनं आहेत. पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून माझा जीव प्रभूची जास्त वाट पाहतो, असं त्यात दोनदा म्हटलंय. रानडुकरांपायी हरभऱ्यात जागल करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाठ करताना लोक एकेक वचन सुटं पाठ करतात आणि मग दोन वचनांच्या सांध्यावर अडकतात. त्यासाठी प्रत्येक वचनाबरोबर पुढच्याचे पहिले दोन-तीन शब्दही म्हणत जा.

आता पत्रं. पौलाच्या नावाची १३ पत्रं आहेत, अध्याय मिळून ८७. बायबलमध्ये ती काळाच्या क्रमानं लावलेली नाहीत. मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समाजांना, लिहिलेली आधी, व्यक्तींना लिहिलेली नंतर, आणि दोन्हींत साधारण मोठं आधी. म्हणून रोमकरांस पत्र पहिलं दिसतं आणि नवा वाचक थेट त्याच्यावर जाऊन धडकतो. सुरुवात फिलेमोनापासून करा. २५ वचनं, पाच मिनिटांचं वाचन, आणि पत्राचे सगळे भाग त्यात दिसतात: कोण कुणाला लिहितो, सलाम, उपकारस्तुती, मुख्य विनंती, शेवटचे निरोप. मग फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं, गलतीकरांस, करिंथकरांस पहिलं आणि त्यानंतर रोमकरांस. पत्राचे हे भाग एकदा ओळखता आले की एखादा भाग गळालेलाही लक्षात येतो. गलतीकरांच्या पत्रात उपकारस्तुती नाहीच, सलाम संपताच पौल रागानं मुद्द्यावर येतो.

प्रत्येक पत्राआधी प्रेषितांची कृत्ये हे पौलाच्या प्रवासांची हकिकत सांगणारं पुस्तक उघडा: फिलिप्पैसाठी अध्याय १६, थेस्सलनीकासाठी १७, करिंथसाठी १८. अठराव्यात गल्लियो नावाचा सुभेदार येतो. ग्रीसमध्ये डेल्फी इथं सापडलेल्या शिलालेखावरून त्याचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो, आणि पौलाच्या प्रवासांच्या तारखा मुख्यतः त्यावरून मोजतात.

पहिलं वाचन न थांबता. फिलिप्पैकरांस चार अध्याय आहेत, मोठ्यानं वाचलं तरी वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या वाचनात पेन्सिलीनं ‘म्हणून’, ‘कारण’ आणि ‘परंतु’ यांना गोल करा. पौलाचा विचार याच शब्दांवर वळतो. रोमकरांस १२:१ (बारावा अध्याय, पहिलं वचन) मधलं ‘म्हणून’ आधीच्या अकरा अध्यायांवर उभं आहे. ते अध्याय वगळून बाराव्यातल्या आज्ञा वाचल्या तर उरते नुसती नियमांची यादी. तिसऱ्या वाचनात समोरच्यानं काय विचारलं असेल ते वहीत लिहा. आपल्या हाती एकाच बाजूचं पत्र आहे, पण करिंथकरांस पहिल्यात तो सरळ सांगतो: ७:१ मध्ये, तुम्ही लिहिलं होतं त्याविषयी. ८:१ आणि १२:१ पाहा, तिथंही नवा विषय तसाच सुरू होतो.

सगळ्यात जास्त नुकसान एकेक वचन उचलण्यानं होतं. फिलिप्पैकरांस ४:१३, ‘मी सर्व काही करू शकतो’, हे भिंतीवर आणि कॅलेंडरवर दिसतं आणि लोक ते परीक्षेला, निवडणुकीला, धंद्याला लावतात. मागची दोन वचनं वाचा. पौल कैदेत आहे, फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल आभार मानतो आहे, आणि म्हणतो की भरल्या पोटी राहायला शिकलो तसा उपाशी राहायलाही शिकलो. ‘सर्व काही’ मध्ये उपासही आला.

आता दोन्ही जोडून कसं वाचायचं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात याची खरी गरज आहे. रोमकरांस ८:३६ उघडा. तिथं पौल ४४ व्या स्तोत्राचं २२ वं वचन देतो: तुझ्यामुळे आमचा दिवसभर वध होतो, आम्हाला कापायच्या मेंढरांसारखं गणलंय. एवढं वाचून पुढे जाऊ नका, बोट तिथं ठेवून ४४ वं सबंध वाचा. २६ वचनं आहेत. पहिली आठ: वाडवडिलांसाठी तू काय केलंस ते ऐकलंय, आमचा भरवसा तुझ्यावर आहे. नवव्यापासून सोळाव्यापर्यंत: तरी तू आम्हाला टाकलंस, शेजारी हसतात. मग १७ वं वचन: हे सगळं आमच्यावर आलं, पण आम्ही तुला विसरलो नव्हतो, तुझा करार मोडला नव्हता. शेवटी देवालाच हाक: जागा हो, झोपलास का? उत्तर येत नाही. स्तोत्र संपतं ते देवाच्या दयेची आठवण करून देऊन.

पौलानं निवडलं ते हे स्तोत्र, निर्दोष असून मार खाणाऱ्यांचं. ८:३५ मधल्या त्याच्या यादीत दुष्काळ आहे, नग्नता आहे, तलवार आहे, आणि यातलं काहीही ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही असं तो म्हणतो. सोयाबीन पावसात सडलं किंवा पऱ्हाटीवर बोंडअळी आली की कुणीतरी हमखास म्हणतं, घरात काही पाप असेल. त्या माणसाला ४४ वं स्तोत्र वाचायला द्या. ३२ व्या आणि ३८ व्या स्तोत्रात दुखण्याचा संबंध पापाशी जोडलाय, ते खरं आहे, पण तिथं बोलणारा स्वतःबद्दल बोलतो. शेजाऱ्याच्या नापिकीला ही स्तोत्रं लावायचा अधिकार ती कुणालाच देत नाहीत. ३२ व्याची पहिली दोन वचनं पौल रोमकरांस ४:६-८ मध्ये घेतो, तीही क्षमा फुकट मिळते हे सांगायला.

अशाच आणखी जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. रोमकरांस ३:१०-१८ मध्ये १४, ५, १४०, १० आणि ३६ या स्तोत्रांच्या ओळी एकापुढे एक आहेत. रोमकरांस १०:१८ मध्ये १९ वं, १५:३ मध्ये ६९ वं, १५:११ मध्ये ११७ वं. करिंथकरांस दुसरं ४:१३ मध्ये ११६ वं, इफिसकरांस ४:२६ मध्ये ४ थं. शब्द तंतोतंत जुळले नाहीत तर गोंधळू नका. पौल बहुतेकदा ग्रीक भाषांतरातून उद्धृत करतो, आपल्या बायबलमधली स्तोत्रं इब्रीवरून आलेली आहेत. इफिसकरांस ४:८ आणि स्तोत्र ६८:१८ यांत तर देणं-घेणंच उलटं दिसतं.

एक जोडी गावात रोज कामी येते. करिंथकरांस पहिलं, अध्याय ८ ते १०: मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचं काय करायचं. शेजारच्या घरून महालक्ष्मीच्या जेवणाचं बोलावणं येतं, तेव्हा मंडळीत यावरून तट पडतात आणि प्रत्येक तट आपल्याला हवं ते अर्धंच वाचतो. तिन्ही अध्याय एकत्र वाचा. १०:१४-२२ मध्ये मूर्तीच्या पूजेत भागी होऊ नका, असं स्पष्ट आहे. १०:२५-२७ मध्ये बाजारातलं घ्या, कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर वाढलेलं खा, उगाच चौकशी करू नका, असं आहे. आधार आहे २४ व्या स्तोत्राचा: पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं परमेश्वराचं. १०:२८ मध्ये पौल म्हणतो, हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका, त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. आठवा अध्याय सुरू होतो ते ज्ञानानं माणूस फुगतो आणि प्रीतीनं उभारणी होते, असं म्हणत. तो धागा सोडला की या अध्यायांतून फक्त भांडण निघतं.

शापाची स्तोत्रं, १०९ आणि १३७, वगळू नका. धुऱ्याच्या वादात कुणी खोटी साक्ष दिली असेल तर १०९ वं तुमचंच वाटेल. ते देवापुढे म्हणा आणि लगेच रोमकरांस १२:१७-२१ वाचा, तिथं सूड देवावर सोपवायला सांगितलंय. रागाचा प्रत्येक शब्द देवाकडे गेला म्हणजे शेजाऱ्याच्या दारी न्यायला काही उरत नाही. ८८ वंही ठेवा. ते अंधारात संपतं, कुठंच उजाडत नाही, आणि ज्याच्या घरी मयत झाली त्याला कधीकधी तेवढंच वाचवतं.

वेळापत्रक शेतीप्रमाणे लावा, नाहीतर मोडतं. पेरणीपासून डवरणीपर्यंत फक्त स्तोत्र, तेही तीन दिवसांना एक. पेरणीला १२६ वं आणि पावसाच्या सुमाराला ६५ वं घ्या. सोयाबीन निघालं की लहान पत्रं. वेचणीत पुन्हा पाठांतर. रोमकरांस पत्र एप्रिल-मेसाठी राखून ठेवा: दुपारी बाहेर पडता येत नाही आणि वावरही रिकामं असतं. आधी सबंध एका बैठकीत, तासाभराच्या वर लागेल. मग रोज अर्धा अध्याय, म्हणजे महिनाभरात १६ अध्याय होतात. ९ ते ११ मध्ये अडकलात तर तिथं आठवडा घालवू नका. १२ ते १६ वाचून घ्या आणि मग मागं या. पंधराव्यातलं यहुदी आणि परराष्ट्रीय (यहुदी नसलेले) यांच्याविषयीचं बोलणं वाचल्यावर नवव्यातला प्रश्न कशासाठी होता ते कळतं.

पाळक येतील त्या रविवारी ‘हा अध्याय समजला नाही’ असं विचारू नका, त्यावर प्रवचन मिळेल. वचन, तुमचा अर्थ आणि तो कुठल्या वचनाशी जुळत नाही, अशा तीन ओळी लिहून न्या. जुन्या पिढीतले पाळक भेटले तर आवर्जून न्या. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळकांना शिकवणारी संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळातच होती, आणि तिथं शिकलेल्या माणसांकडे पत्रांवरची चांगली पुस्तकं असण्याचा संभव आहे. मागितली तर वाचायला देतील.