विद्यार्थ्यांच्या संपानंतर न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे प्रवेश खुले झाले, त्याचं पुढे काय झालं?

तुम्ही विचारलंय: “१९६९ मध्ये न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉलेजला टाळं ठोकून सगळ्यांसाठी प्रवेश खुले करून घेतले असं वाचलं. त्याने खरंच काही बदललं का? की दर्जा घसरला आणि सगळं गुंडाळावं लागलं?”

बदललं, आणि लाखो घरांत बदललं. नंतर ते आखडलं हेही खरं. पण ते आखडण्याचं मोठं कारण पैसा होता, आणि दर्जाची तक्रार त्याला जोडून आली. मी याच शहरातल्या एका सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गणित शिकवते. माझ्यासमोर बसणारी बहुतेक मुलं त्या निर्णयाअभावी कॉलेजात पोचलीच नसती. त्यामुळे या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही, हे आधीच सांगते.

आधी कॉलेजबद्दल. सिटी कॉलेज १८४७ मध्ये शहराच्या मतदारांनी कौल देऊन स्थापन केलं. कल्पना अशी की गरिबाच्या मुलालाही फुकट उच्च शिक्षण मिळावं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्वर्ड, कोलंबियासारखी खासगी विद्यापीठं ज्यू मुलांची संख्या मुद्दाम आटोक्यात ठेवत होती, तेव्हा पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू शिंप्यांची, फेरीवाल्यांची मुलं इथे शिकली. पोलिओची लस शोधणारे जोनास सॉल्क याच कॉलेजचे. माजी विद्यार्थ्यांत दहा नोबेल विजेते आहेत.

हे कॉलेज हार्लेममध्ये, टेकडीवर. १९६० च्या दशकापर्यंत भोवतालची वस्ती कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन (कॅरिबियनमधल्या पोर्टो रिको बेटावरून आलेली, स्पॅनिश बोलणारी) झाली होती. शहराच्या सरकारी शाळांतली निम्म्याच्या आसपास मुलं याच दोन समाजांची होती. टेकडीवरच्या दिवसाच्या वर्गांत मात्र ती जेमतेम दहात एक. कर त्यांचे आईबाप भरत होते आणि फुकट शिक्षण बहुतांशी दुसऱ्यांच्या मुलांना मिळत होतं. कॉलेजचे अधिकारी म्हणत, आम्ही वंश बघतच नाही, फक्त मार्क बघतो.

आता त्या मार्कांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण सगळी मेख तिथे आहे. महाराष्ट्रात अकरावीच्या किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेशातून गेलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. कट-ऑफ कॉलेज ठरवत नाही. अर्ज किती आले आणि जागा किती आहेत, यावरून तो लागतो. सिटी कॉलेजात आधीच्या दशकांत शाळेची सरासरी सत्तरीत असली तरी प्रवेश मिळायचा. ज्या ‘सुवर्णकाळा’ची आठवण काढत लोक नंतर हळहळले, तो काळ हाच. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी कॉलेजच्या वयाची झाली, जागा त्या प्रमाणात वाढवल्या नाहीत आणि कट-ऑफ पंच्याऐंशीच्या पुढे सरकला. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले कॉलिन पॉवेल १९५४ मध्ये इथे आले. जमैकाहून आलेल्या, कपड्यांच्या धंद्यात काम करणाऱ्या आईबापांचा हा मुलगा, शाळेत बेताचे मार्क मिळवणारा. दहा-पंधरा वर्षांनी तोच अर्ज केला असता तर तो यादीत बसला नसता. मग पॉवेल यांची लायकी बदलली असती का?

विद्यार्थ्यांना हे स्पष्ट दिसत होतं. १९६५ पासून कॉलेजात एक छोटा कार्यक्रम चालू होता, पुढे तो ‘सीक’ या नावाने ओळखला गेला. गरीब वस्त्यांतल्या, मार्क कमी पडलेल्या मुलांना घ्यायचं, वर जादा वर्ग, समुपदेशन आणि हातखर्चाला भत्ता द्यायचा. ऑड्री लॉर्ड, जून जॉर्डन, टोनी केड बाम्बारा यांच्यासारख्या लेखिका तिथे इंग्रजी शिकवत होत्या. १९६९ च्या सुरुवातीला गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांनी अंदाजपत्रकात कपात सुचवली आणि याच कार्यक्रमावर गदा येणार असं दिसू लागलं. फेब्रुवारीत कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनी पाच मागण्या कॉलेजचे अध्यक्ष ब्यूएल गॅलाघर यांच्यासमोर ठेवल्या.

त्या मागण्या वाचून मला दरवेळी नवल वाटतं, कारण त्या नुसत्या ‘आम्हाला आत घ्या’ अशा नाहीत. कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन अभ्यासाचं स्वतंत्र विद्यालय, नव्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा परिचय-कार्यक्रम, सीकच्या कारभारात विद्यार्थ्यांचा आवाज, शहराच्या शाळांत ज्या प्रमाणात या समाजांची मुलं आहेत त्या प्रमाणात पहिल्या वर्षाचे प्रवेश, आणि पाचवी मागणी: जे शिक्षक व्हायला निघालेत त्यांना या समाजांचा इतिहास आणि स्पॅनिश भाषा सक्तीची करा. ही पाचवी फार दूरचं पाहणारी होती. आज कॉलेजात शिकून उद्या हार्लेमच्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाईंना समोरच्या मुलाची भाषाच कळत नसेल, तर तो मुलगा कॉलेजपर्यंत पोचणार कसा?

२२ एप्रिल १९६९ ला दोनेकशे विद्यार्थ्यांनी दक्षिण आवाराची फाटकं बंद केली. आवाराला त्यांनी ‘युनिव्हर्सिटी ऑफ हार्लेम’ नाव दिलं. वस्तीतले लोक येऊन बोलत आणि वर्ग भरत. गॅलाघर यांनी पोलिस न बोलावता वाटाघाटी चालू ठेवल्या. दोन आठवड्यांनी, महापौरपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, त्या शर्यतीतले मारिओ प्रोकाचिनो यांच्यासारखे लोक कोर्टात गेले आणि कॉलेज उघडण्याचा आदेश आला. नंतरचे दिवस वाईट गेले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत मारामाऱ्या झाल्या, एका सभागृहाला आग लागली. गॅलाघर यांनी राजीनामा दिला.

जुलैमध्ये शहराच्या उच्च शिक्षण मंडळाने निर्णय घेतला. शहराच्या हायस्कुलातून उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला सिटी युनिव्हर्सिटीच्या (सिटी कॉलेजसह शहरातल्या सरकारी कॉलेजांचं एकत्रित विद्यापीठ) कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा, १९७० च्या सत्रापासून. असा विचार आधीच्या आराखड्यातही होता, पण मुदत १९७५ ची होती. संपाने तो पाच वर्षं अलीकडे ओढला आणि जास्त व्यापक केला. चार वर्षांच्या कॉलेजसाठी अट अशी: सरासरी ८० हवी, किंवा आपल्या शाळेतल्या मुलांत वरच्या अर्ध्यात असायला हवं. या ‘किंवा’ने मोठं काम केलं. हार्लेमच्या पडक्या शाळेतल्या मुलीची तुलना आता श्रीमंत वस्तीतल्या मुलीशी होणार नव्हती. ज्या परिस्थितीत ती शिकली, त्याच परिस्थितीतल्या बरोबरच्यांशी होणार होती. टेक्सासने १९९७ मध्ये प्रत्येक शाळेच्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत हमखास प्रवेश देणारा कायदा केला, त्यामागचं तत्त्व हेच.

तुम्ही कदाचित याला आरक्षण समजत असाल. आरक्षण ते नव्हतं. विद्यार्थ्यांनी वंशाच्या प्रमाणात जागा मागितल्या होत्या; मंडळाने वंशाचा उल्लेखच काढून सगळ्यांसाठी दार उघडलं. कामगार संघटनांचे पुढारी हॅरी व्हॅन आर्सडेल यांनीही याच्या बाजूने जोर लावला, कारण त्यांच्या गोऱ्या सभासदांची मुलंही कट-ऑफखाली अडकत होती. पहिल्या वर्षाची भरती एका झटक्यात सुमारे २० हजारांवरून ३५ हजारांवर गेली. आणि नव्याने आत आलेल्यांत इटालियन, आयरिश कामगारवर्गातली मुलं फार मोठ्या संख्येने होती. मार खाल्ला कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकन मुलांनी, शिव्याही त्यांनीच ऐकल्या, आणि फायदा शेजारच्या गोऱ्या मोहल्ल्यालाही झाला. हे फार कमी लोक सांगतात, म्हणून मी दरवेळी सांगते.

आता दर्जा. टीका लगेच सुरू झाली. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी १९७० मध्येच जाहीर भाषणात झोड उठवली. वर्गखोल्या पुरेनात, भाड्याच्या जागांत तास भरू लागले. अनेक मुलांना सरळ परिच्छेद लिहिता येत नव्हता हे खरंच आहे, आणि बरीच मुलं मध्येच सोडून गेली हेही खरं. पण याच कॉलेजातल्या मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने त्या मुलांचे हजारो निबंध बारकाईने वाचले आणि दाखवून दिलं की त्यांच्या चुकांमागे ठरावीक विचार असतो, तो समजून घेतला तर लिहायला शिकवता येतं. मी गणितात रोज तेच पाहते. अपूर्णांकांची बेरीज करताना वर-वरचे आणि खाल-खालचे आकडे मिळवणारा विद्यार्थी मठ्ठ नसतो. त्याने स्वतःचा एक नियम बनवलेला असतो आणि तो तपासायला आजवर कुणी त्याच्या शेजारी बसलेलं नसतं.

आकडे हवे असतील तर पॉल अ‍ॅटवेल आणि डेव्हिड लॅव्हिन या समाजशास्त्रज्ञांचं काम पाहा. १९७० ते १९७२ दरम्यान प्रवेश घेतलेल्या स्त्रियांना त्यांनी सुमारे तीस वर्षांनी गाठलं. सत्तर टक्क्यांहून जास्त जणींनी कुठली ना कुठली पदवी मिळवली होती. नोकरी, लग्न, मुलं सांभाळून, मध्ये वर्षानुवर्षं खंड पडून, पण मिळवली. त्यांच्या मुलांच्या शिक्षणावरही त्याचा चांगला परिणाम दिसला. चार-पाच वर्षांत मोजणी करून ‘नापास’ शिक्का मारणाऱ्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं.

मग आखडलं कशाने? १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं. अनेक तरुण शिक्षकांना कमी केलं. १९७६ च्या मे-जूनमध्ये पगाराला पैसे नाहीत म्हणून अख्खं विद्यापीठ दोन आठवडे बंद राहिलं. आणि त्याच वर्षी, १८४७ पासून चालत आलेलं मोफत शिक्षण संपवून फी लावली. मंदी, महायुद्धं यांतही जी फी लागली नव्हती, ती कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं मोठ्या संख्येने आत आल्यावर लागली. विद्यार्थिसंख्या हजारोंनी घसरली. ब्राँक्सचं ऑस्टोस कॉलेज तर बंदच करायला निघाले होते. विद्यार्थी, शिक्षक आणि वस्तीतल्या लोकांनी ते ताब्यात घेऊन वाचवलं. पुढे महापौर रुडी जुलियानी यांच्या काळात, १९९९ मध्ये, चार वर्षांच्या कॉलेजांतले पायाभूत वर्ग काढून टाकायचं ठरलं. तेव्हापासून ज्यांची तयारी कमी पडते, ते आमच्यासारख्या दोन वर्षांच्या कॉलेजांकडे येतात. म्हणजे हायस्कूल झालेल्यांसाठी एक दार अजून उघडं आहे, फक्त ते सिटी कॉलेजचं नाही.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात प्रवेश देताना वंश विचारात घेण्यावर बंदी आणली, तो विषय वेगळा. ठरावीक जागा राखून ठेवणं तर तिथे १९७८ च्या ‘बाकी’ (Bakke) नावाच्या खटल्याच्या निकालापासूनच बेकायदा आहे. तो वाद मूठभर विद्यापीठांतल्या मोजक्या खुर्च्यांचा. न्यू जर्सीतल्या माझ्या ओळखीच्या मराठी घरांत त्यावर तावातावाने चर्चा झाल्या, पण त्याच राज्यात बहुसंख्य मुलं जिथे शिकतात त्या सरकारी कॉलेजांच्या पैशांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला याचं वाईट वाटतं.

सिटी कॉलेजपासून अर्ध्या तासाच्या चालीवर कोलंबिया विद्यापीठ आहे, बाबासाहेब तिथे १९१३ ते १९१६ शिकले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळी वर्ग ठेवले. प्रवेश दिला की काम संपत नाही, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होतं.

सिटी युनिव्हर्सिटीने २००७ पासून दोन वर्षांच्या कॉलेजांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम चालवलाय. सरकारी मदत वजा जाता फीची उरलेली रक्कम, पुस्तकं, बस-मेट्रोचा पास, आणि थोड्याच मुलांची जबाबदारी असलेला एक सल्लागार. पायाभूत वर्गांची गरज असलेल्या गरीब विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागून चाचणी झाली. तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे नेहमीच्या गटात २२ टक्के होते, या गटात ४० टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त येतो, पण दर पदवीमागे तो कमी पडतो. मुलं तीच, शाळाही त्याच. माझ्या वर्गातल्या किती जणांना या कार्यक्रमात जागा मिळते हे अजूनही दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर ठरतं.