‘आमचे रोट आहेत’: रोट हा पदार्थ की सण?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात त्यांच्या ऑफिसात धुळ्याकडची एक मैत्रीण आहे. श्रावणात तिने सोमवारची रजा मागितली आणि कारण सांगितलं, ‘आमचे रोट आहेत.’ रोट म्हणजे जाड भाकर असं त्यांना माहीत होतं. मग भाकरीसाठी रजा कशी, आणि ‘आमचा रोट’ न म्हणता ‘आमचे रोट’ का?

मी अमळनेर तालुक्यातली आहे, आता नाशिकला राहते, आणि हे वाक्य दर श्रावणात मीही बोलते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अर्थ. रोट हा रोटीच्याच घरातला शब्द. मोठी, जाड, देवाच्या नैवेद्याची भाकर हा त्याचा अर्थ मराठीत आहे, हिंदीतही आहे. तिकडे हनुमानाला रोट चढवतात. खान्देशात मात्र रोट म्हटलं की कानबाई, आमच्याकडची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला देवीचं रूप देऊन, नथ-दागिने घालून तिची स्थापना करतात, रात्रभर अहिराणी गाणी म्हणत जागतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. तुमच्या मैत्रिणीची सोमवारची रजा ती यासाठी. रविवार तसाही सुट्टीचा, अडचण होते ती विसर्जनाची.

पदार्थाचं नाव सोहळ्याला मिळणं मराठीला नवं नाही. साखरपुडा म्हणजे मुळात साखरेचा पुडा. आज ‘पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे’ म्हणताना पुडा कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. हळदीकुंकवाचंही तेच. ‘रोट आहेत’ हे त्याच रांगेतलं.

रोट जाडच असतो असंही नाही. आमच्याकडे कानबाईसाठी दळलेल्या पिठाचं जे काही होतं, पुरणपोळी असो की साधी पोळी, ते सगळं रोट. आकारावरून नाव पडलेलं नाही, पीठ कुठलं यावरून पडलंय. हे पीठ वेगळं दळतात. आमच्या गावातला गिरणीवाला त्यासाठी गिरणी धुऊन-पुसून ठेवतो. (जाता जाता एक: बहिणाबाई चौधरींच्या कवितेत जात्याला ‘घरोट’ म्हटलंय. त्यातला ‘रोट’ हा नव्हे. घरोट आला संस्कृत ‘घरट्ट’वरून, म्हणजे जातं. ‘घरचा रोट तो घरोट’ अशी फोड मी ऐकली आहे, ती चुकीची आहे.)

आता अनेकवचन. त्यासाठी गहू मोजायला बसलेली माझी माय तुम्हाला दाखवायला हवी. पुढ्यात सूप, बाजूला गव्हाची कोठी. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. एक भरगच्च मूठ, मग चिमटीपेक्षा थोडे जास्त, तो सव्वा. आजोबा होते तोवर पहिली मूठ त्यांची. मग बाप, काका, भाऊ, शेवटी पाळण्यातलं पोर. रीत घरागणिक थोडी बदलते, पण आमच्याकडे ती ही. म्हणजे सुपात जे जमतं ते नुसतं धान्य नसतं, घरातल्या माणसांची मोजदाद असते. ‘आमचे रोट’मधलं अनेकवचन मला या मोजदादीतून आलेलं वाटतं. हा माझा तर्क आहे, पण वर्षानुवर्षं ते सूप पाहून केलेला.

आणि इथेच हा शब्द मला फार जवळचा वाटतो, कारण गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्याच्यावर केवढा भार येऊन पडलाय! आमच्या भाऊबंदांतली दोन घरं सुरतेला उधन्यात आहेत, कापडाच्या कामात. काही कल्याणला, काही पुण्यात, मी नाशिकला, भाऊ टेक्सासात. गावात उरली दोन घरं. पूर्वी रोट म्हणजे शेजारच्या ओसरीवरून हाक मारायची गोष्ट होती. आता जून उजाडला की व्हॉट्सॲपवर पहिला प्रश्न येतो, ‘तुमना रोट कवय शेतस?’ म्हणजे तुमचे रोट कधी आहेत? कारण तारीख दर वर्षी सरकते: 2023 मध्ये नागपंचमीनंतरचा रविवार 27 ऑगस्टला आला, 2024 मध्ये 11 ला, 2025 मध्ये 3 ला. सुरत-भुसावळ गाडीचं रिझर्वेशन त्या हिशेबाने करावं लागतं. ‘रोटचं तिकीट’, ‘रोटची रजा’ हे शब्दप्रयोग माझ्या लहानपणी नव्हतेच. त्यांची गरज नव्हती. लोक पांगले आणि पदार्थाचा शब्द परत येण्याच्या दिवसाचा शब्द झाला.

भाऊ टेक्सासला गेला त्या पहिल्या वर्षी माय सूप घेऊन बसली आणि त्याच्या नावाशी क्षणभर थांबली. मग नाव घेतलं, मूठ टाकली. तो खाणार नव्हता हे तिला माहीत होतं. पुढच्या वर्षी त्याने तिकडेच दुकानातल्या पिठाचे रोट केले आणि फोटो पाठवला. काकीचं म्हणणं, गिरणी धुतली नाही, गहू मोजले नाहीत, त्याला रोट कसं म्हणायचं? माय एवढंच म्हणाली, “पीठ कथानं शे ते नको देखू, मूठ कोना नावनी शे ते देख.” म्हणजे पीठ कुठलं ते पाहू नकोस, मूठ कोणाच्या नावाची आहे ते बघ. वर मी लिहिलं की पिठावरून नाव पडलं. मायने माझी ती व्याख्याही हलवली. शब्दाचा अर्थ असा घरात, सुपाशेजारी बदलतो.

यातला एक बदल मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भावाला एकच मुलगी. व्हिडिओ कॉलवर मोजणी चालू असताना त्याने विचारलं, “माझी मूठ घेतली, तिची?” कोणी बोललं नाही. मायचा हात कोठीत तसाच होता. मग तिने पोरीचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ काढली, तिचीही भरगच्च. पुढच्या श्रावणात उधन्याच्या चुलतभावाने आपल्या दोन्ही मुलींच्या मुठी मागितल्या. सगळ्या घरांत हे होतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या ‘आमचे रोट’मधल्या ‘आमचे’त आता मुली आहेत, आणि मला ते पन्नास वर्षं आधी व्हायला हवं होतं असं वाटतं.

वापराबद्दल दोन गोष्टी सांगून थांबते. मैत्रिणीला विचारताना ‘रोट झाला का?’ न विचारता ‘रोट झाले का?’ विचारा, तिला घरचं कोणी बोलल्यासारखं वाटेल. आणि मंगळवारी ती कामावर येईल तेव्हा डब्यात रोट नसतील, याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे रोट भाऊबंदांतच खातात आणि पौर्णिमेच्या आत संपवतात. तिच्या घरीही बहुधा तीच रीत असेल. खापरावरचे मांडे मात्र मागा. ते रोटासारखे नाहीत, पार पातळ असतात, आणि ते वाटायला आमच्याकडे कोणाचीच हरकत नसते.