टेस्ट केली की मुलावर शिक्का बसतो का?

शाळेने ‘मुलाची मानसशास्त्रीय चाचणी करून घ्यावी’ अशी चिठ्ठी दिली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, हे कायमचं त्याच्या नावापुढे लागणार का?” ओंकारच्या वडिलांनीही तेच विचारलं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

कुटुंब विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं. वडील बेस्टमध्ये कंडक्टर, आई पोळीभाजीचे डबे करते. ओंकार अकरा वर्षांचा, मराठी माध्यमात सहावीला. जलचक्र तोंडी घडाघडा सांगतो, पेपरात मात्र दोन ओळी लिहून थांबतो. रोज दोन तास शिकवणी. श्रुतलेखनाच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं आणि शाळेची वेळ टळली की थांबतं. वडील म्हणत आळशी आहे, आई म्हणे लक्ष नसतं, आजीचं एकच पालुपद: “आमच्या घराण्यात कुणी वेडं नाही, टेस्ट कसली करता?”

मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून बोटांच्या ठशांची चाचणीही करून झाली होती. जाडजूड रंगीत फाइल, आत ‘नेतृत्वगुण’ वगैरे, आणि मुलाला वाचता का येत नाही याबद्दल चकार शब्द नाही. ठशांवरून बुद्धी किंवा कल कळतो याला शास्त्रीय आधार नाही. तेवढ्या पैशांत विशेष शिक्षिकेची काही सत्रं तरी झाली असती.

पहिल्या भेटीला फक्त आईवडील लागतात. गरोदरपण, जन्म, बोलायला कधी लागला, फिट्स किंवा मोठं आजारपण, शाळा बदलली का, घरी कोणती भाषा, हे सगळं विचारण्यात तास सहज जातो. सोबत दोन वर्षांच्या वह्या आणाव्या लागतात, आणि त्याही रोजच्या. पालक हटकून कव्हर घातलेली, आईने शेजारी बसून लिहून घेतलेली गृहपाठाची वही आणतात. तिचा उपयोग नसतो.

ओंकारच्या रफ वहीत श्रुतलेखनाचं वाक्य होतं: ‘आई भाजी घेऊन घरी आली.’ त्याने लिहिलं होतं: ‘आइ माजी धेउन धरि आलि.’ यातला ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ बाजूला ठेवा, तो पदवीधरही करतात. बघायचं ते भ चा म आणि घ चा ध. सहावीतही ही अदलाबदल टिकून आहे, काना-मात्रा गळताहेत, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलाय, तर तो निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. फळ्यावरून उतरवताना तो दर दोन अक्षरांनी मान वर करायचा, कारण शब्द अख्खा डोक्यात राहत नव्हता. गणितात ‘सदुसष्ट’ सांगितलं की ७६ लिहायचा. कानावर सात आधी पडतो, म्हणून तो आधी लिहायचा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशा धर्तीचं संख्यावाचन आणलं तेव्हा बरीच टिंगल झाली, पण अशा मुलांसोबत बसणाऱ्यांना त्यामागची अडचण चांगली ठाऊक असते.

चाचणीआधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. हे टाळून पुढे जाणारे केंद्र असेल तर तिथून उठावं. मग बुद्धिमापन. आपल्याकडे सहा ते पंधरा वयासाठी डॉ. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी बरीच वापरली जाते. तिच्यात शाब्दिक आणि कृतीच्या अशा दोन्ही उपचाचण्या आहेत: शब्दार्थ, साम्य सांगणे, अंक लक्षात ठेवणे, ठोकळ्यांची नक्षी, चित्रातलं काय राहिलंय ते ओळखणे. त्यानंतर वाचन, लेखन आणि गणिताची शैक्षणिक चाचणी. हे एका बैठकीत उरकायचं काम नाही. दोन-तीन सकाळी, दर वेळी तास-सव्वा तास.

निकाल बिघडतो तो बहुधा घरूनच. शाळा सुटल्यावर उपाशी पोटी आणलेलं मूल, सर्दी-ताप, घरी राहिलेला चष्मा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे “नीट उत्तरं दे, नाहीतर नापास करतील” अशी रिक्षात दिलेली तंबी. अंक लक्षात ठेवणं आणि वेळ लावून करायच्या उपचाचण्या भीतीने लगेच घसरतात. यूट्यूबवर प्रश्न शोधून तयारी करून घेतली तर आकडा वर जातो आणि मुलाची अडचण झाकली जाते. मराठीत विचार करणाऱ्या मुलाची चाचणी इंग्रजीत घेतली तर भाषाच तपासली जाते. ओंकारला एवढंच सांगायला सांगितलं होतं: “तुला अभ्यास कुठे अडतो ते शोधायचंय. पास-नापास नाही.”

त्याचा शाब्दिक बुद्ध्यांक ९८ आला, कृतीचा ११२, सरासरी १०५. ८५ ते ११५ हा सर्वसाधारण पट्टा आहे, म्हणजे बुद्धी कमी नाही. पण अंक लक्षात ठेवणं आणि गणिताची उपचाचणी बाकीच्यांपेक्षा बरीच खाली होती, वाचन तिसरीच्या पातळीचं, लेखन दुसरीच्या. आकडा ऐकून वडिलांचा चेहरा खुलला. शाळेला आणि विशेष शिक्षिकेला मात्र उपयोगी पडली ती त्याखालची, कुठे अडतं ते सांगणारी ओळ. निदान: विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी पुरेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. यावर औषध नाही, टॉनिकही नाही. सोबत अतिचंचलता असेल तरच मानसोपचारतज्ज्ञांकडे औषधाचा विचार होतो.

आता शिक्क्याचं. अहवाल पालकांच्या हातात दिला जातो. तो शाळेला द्यायचा का, हे तेच ठरवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. मात्र बोर्डाच्या परीक्षेत सवलत हवी तर खासगी अहवाल चालत नाही, शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन आणि केईएमला यासाठी बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे रांग असते, एका फेरीत काम होत नाही. दहावीचा अर्ज शाळेमार्फत वाशीच्या विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ करणाऱ्यांची गत वाईट होते. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं अशा सवलती असतात. गणितातली सवलत (खालच्या इयत्तेचं गणित घेण्याची मुभा) घेण्याआधी अकरावीला कोणती शाखा हवी ते ठरवा. नंतर काही वाटा बंद होतात आणि हे फॉर्म भरताना फार कमी जण सांगतात.

शिक्का बसायचा तो ओंकारवर आधीच बसला होता: वर्गात ‘ढ’, घरात ‘आळशी’. हे ऐकल्यावर वडील बराच वेळ गप्प होते. आजींना वेगळं बसवून सांगितलं की हे वेड नव्हे, अक्षरं ओळखायच्या पद्धतीतला फरक आहे, आणि बऱ्याचदा घराण्यात आणखी कुणाला तरी असतो. त्या म्हणाल्या, “मग ह्याचा आजोबा तारसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा.”

दोन तासांची शिकवणी बंद केली, कारण जे अडतंय तेच जास्त वेळ करून ते सुटत नाही. त्याऐवजी विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून तीनदा पाऊण तास, आणि घरी रोज फक्त पंधरा मिनिटं. ताटात रवा पसरून बोटाने भ आणि म, तोंडाने उच्चार करत. आठवड्याला एकच मात्रा. टाळी वाजवत शब्द तोडायचा: भा-जी, बा-जा-रा-त. आईने धडा मोठ्याने वाचायचा, त्याने ओळीखाली बोट फिरवायचं, अडला तर शब्द सांगून पुढे जायचं. ‘परत वाच’ म्हणायचं नाही. वर्गशिक्षिकेने फळ्यावरचं उतरवण्याऐवजी त्याला छापील कागद द्यायला आणि इतिहास तोंडी विचारायला सुरुवात केली.

पोटदुखी महिन्याभरात थांबली. वाचन वर्षअखेरीस चौथीच्या आसपास आलं. लेखन अजून कच्चं आहे आणि बराच काळ राहील, हे आईवडिलांना आधीच सांगून ठेवलंय. लहान वयात मिळालेलं प्रमाणपत्र पुढे पुन्हा तपासून घ्यावं लागतं. म्हणून मूळ अहवाल, वह्यांची निवडक पानं आणि शाळेची पत्रं एका फाइलमध्ये ठेवायला सांगितलं आहे, लॅमिनेशन न करता.