शंका-समाधान: रिमोट जर्नल चालू आहे, मग डेटा जुना कसा?

प्रश्न: आमच्या मुंबईच्या आयबीएम आय मशीनवरून (म्हणजे पूर्वीचं एएस/४००) पुण्याच्या मशीनवर रिमोट जर्नल चालू केलं आहे. स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते, पण पुण्यात फाइल उघडली की महिन्यापूर्वीचाच डेटा. कुठे चुकलं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: मांडणीत काही चुकलेलं नाही. जर्नल म्हणजे रोजकीर्द आणि फाइल म्हणजे खातेवही, असं समजा. रिमोट जर्नल फक्त रोजकीर्दीची नक्कल पुण्याला धाडतं. तिथे खतावणी आपोआप होत नाही. ती करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मिमिक्ससारखं रेप्लिकेशन सॉफ्टवेअर पुण्यात बसवायचं. ते आलेल्या नोंदी वाचून तिथल्या फायलींत सतत घालत राहतं आणि संकटात तुम्ही पुण्याच्या मशीनवर लगेच काम सुरू करू शकता. दुसरा मार्ग स्वस्त पण संथ: पुण्यात नोंदींची रिसीव्हर (जर्नलच्या नोंदी ज्यांत साठतात ती) जपून ठेवायची आणि मुंबईचं मशीन गेलं तर नव्या मशीनवर टेपवरचा सेव्ह (फायलींची राखीव प्रत), त्यावर ही रिसीव्हर, असं लावायचं. यात काही तास जातातच. कोणता मार्ग घ्यायचा हे आज ठरवा, बंद पडल्यावर नव्हे.

प्रश्न: मांडणी नेमक्या कोणत्या क्रमाने करायची? आमचं ‘अ‍ॅड रिमोट जर्नल’ पहिल्याच पायरीवर अडतं.
– सिस्टिम ऑपरेटर, नाशिक

उत्तर: अडण्याची दोन नेहमीची कारणं आधी पाहा. ज्या यूजर प्रोफाइलने तुम्ही कमांड देता त्याच नावाचं प्रोफाइल पलीकडच्या मशीनवर असावं लागतं. दुसरं, फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट ३७७७ उघडा हवा. नेटवर्कवाल्यांना हा आकडा कागदावर लिहून द्या.

क्रम असा. मूळ मशीनवर ‘क्रिएट जर्नल रिसीव्हर’ने रिसीव्हर बनवा, नावाच्या शेवटी ०००१ ठेवा, म्हणजे पुढची आपोआप नंबराने बनतील. मग ‘क्रिएट जर्नल’. त्यात रिसीव्हर बदलण्याचं काम सिस्टिमकडे सोपवा, पण पुसण्याचं सुरुवातीला स्वतःकडे ठेवा. त्यानंतर ‘स्टार्ट जर्नल पीएफ’, म्हणजे फायलींचं जर्नलिंग सुरू. इमेज ‘बोथ’ घेतली तर बदलाआधीची आणि नंतरची अशा दोन्ही नोंदी राहतात, उलटं फिरता येतं, मात्र अपडेटच्या नोंदींचा आकार जवळपास दुप्पट होतो. फाइल उघडण्या-मिटण्याच्या नोंदी गाळा, त्यांचा रिकव्हरीत उपयोग नाही.

आता जी पायरी बहुतेक जण गाळतात ती: जर्नलिंग सुरू केल्याबरोबर त्या फायलींचा पूर्ण सेव्ह घ्या. जर्नलिंगच्या आधी घेतलेला सेव्ह रिस्टोर केला तर त्यावर जर्नलमधले बदल चढत नाहीत. सिस्टिमला त्या प्रतीचा आणि जर्नलचा संबंधच ओळखता येत नाही.

यानंतर रिलेशनल डेटाबेस डिरेक्टरीत पलीकडच्या (वरच्या उदाहरणात पुण्याच्या) मशीनची नोंद, मग ‘अ‍ॅड रिमोट जर्नल’, आणि शेवटी ‘चेंज रिमोट जर्नल’ने स्थिती अ‍ॅक्टिव्ह. हाताने रिकव्हरी करणार असाल तर प्रकार ‘टाइप १’ निवडा. त्याची रिसीव्हर परत आणून मूळ जर्नलच्या साखळीत बसवता येतात. नव्या फायली जर्नलबाहेर राहू नयेत म्हणून आयबीएम आयच्या ६.१ आवृत्तीपासून ‘स्टार्ट जर्नल लायब्ररी’ आहे, ती वापरा. प्रोग्रॅम, यूजर प्रोफाइल आणि स्पूल फायली या वाटेने जात नाहीत. त्यांची वेगळी सोय हवी.

प्रश्न: सिंक्रोनस पद्धत लावल्यापासून रात्रीची बॅच रेंगाळते. लाइन तर भरपूर जाडीची आहे.
– ई.डी.पी. विभाग, मुंबई

उत्तर: इथे लाइनची जाडी नव्हे, अंतर नडतं. सिंक्रोनसमध्ये नोंद पलीकडच्या मशीनच्या मेमरीत पोचल्याची खूण आल्याशिवाय तुमचा प्रोग्रॅम पुढे सरकत नाही. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे १५० किलोमीटरला जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. वाटेतल्या उपकरणांसह २ धरा. बॅच ५ लाख रेकॉर्ड बदलत असेल तर नुसती वाट पाहण्यात १,००० सेकंद, जवळपास १७ मिनिटं. बॅच कमिटमेंट कंट्रोलखाली चालवून काहीशे रेकॉर्डनंतर एकदा कमिट केलं (म्हणजे तोवरचे बदल एकदम पक्के केले) की नोंदी गठ्ठ्याने जातात आणि हा वेळ पुष्कळ घटतो. एवढ्यानेही भागलं नाही तर असिंक्रोनस, म्हणजे खुणेची वाट न पाहणारी पद्धत घ्या; मशीन गेल्यास शेवटच्या काही नोंदी वाटेतच राहतील, हे व्यवस्थापनाकडून लेखी मान्य करून घ्या.

लाइनची जाडी असिंक्रोनसमध्ये महत्त्वाची. दिवसाच्या ८ तासांत २० जीबी रिसीव्हर भरत असतील तर सरासरी साडेपाच मेगाबिट लागतात. पण हिशेब सरासरीचा करू नका, महिनाअखेरच्या सर्वांत व्यग्र तासाचा करा.

आणखी एक समज दूर करायला हवा. सिंक्रोनस आहे म्हणून लाइन तुटल्यावर मूळ मशीन थांबून राहत नाही. ठरलेली मुदत (मुळात ६० सेकंद) संपली की रिमोट जर्नल निष्क्रिय होतं आणि काम पुढे चालू राहतं. त्या क्षणापासून पुण्यात काहीच जात नसतं.

प्रश्न: शनिवारी लाइन तुटली, सोमवारी डिस्क ९० टक्क्यांवर. संबंध आहे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आहे. पलीकडे पूर्ण न पोचलेलं रिसीव्हर सिस्टिम स्वतःहून पुसत नाही, ते बरोबरच करते. घाईने ती जबरदस्तीने पुसलीत तर पुण्यातली साखळी तुटते आणि पूर्ण सेव्हपासून सगळं पुन्हा करावं लागतं. आधी लाइन जोडा, ‘चेंज रिमोट जर्नल’ने पुन्हा अ‍ॅक्टिव्ह करा, अनुशेष भरून निघू द्या, मग जुनी पुसा. ७.१ आवृत्तीपासून लाइन तुटल्यावर आपोआप पुन्हा जोडण्याचा प्रयत्न सिस्टिमवर सोपवता येतो. तरी ‘वर्क विथ जर्नल अ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये एफ१६ दाबून स्थिती रोज पाहा, सुट्टीच्या दिवशीही. डिस्कवर किमान ३ दिवसांच्या रिसीव्हरची जागा मोकळी ठेवा.

प्रश्न: कोणीतरी चुकून चालू फाइल ‘क्लिअर’ केली. पुण्यातून परत मिळेल?
– लेखा विभाग, सांगली

उत्तर: रेप्लिकेशन सॉफ्टवेअर असेल तर पुण्यातलीही फाइल बहुधा रिकामी झाली असेल, कारण क्लिअर ही सुद्धा जर्नलमधली एक नोंदच. ‘रिमूव्ह जर्नल चेंजेस’ने मागे फिरायला जाल तर ते क्लिअरच्या नोंदीपाशी थांबतं, पुसलेली रेकॉर्डं तिच्यात नसतात. वाट पुढूनच आहे, म्हणजे जुन्या सेव्हवर बदल चढवत यायचं. आधी त्या फाइलचं काम थांबवा. ‘डिस्प्ले जर्नल’मध्ये ‘सीआर’ ही नोंद शोधा, तिची वेळ आणि क्रमांक टिपून घ्या. शेवटचा सेव्ह रिस्टोर करा आणि ‘अप्लाय जर्नल चेंजेस’ शेवटच्या सेव्हपासून त्या क्रमांकाच्या आधीच्या नोंदीपर्यंत चालवा, कमिटची सीमा पाळायला सांगून. मधली सगळी रिसीव्हर मशीनवर हवीत. मुंबईत पुसली असतील तर पुण्याहून सेव्ह करून आणा. क्लिअरनंतर लोकांनी काही एंट्री घातल्या असतील तर त्यांची यादी रिस्टोर करण्याआधी ‘डिस्प्ले जर्नल’मधून काढून ठेवा, त्या नंतर हाताने भराव्या लागतील.