अनोळखी नंबरवरून आलेला फोन कोणाचा हे कसं ओळखायचं? असे फोन उचलावेत का?

तुमचा प्रश्न असा आहे की रोज अनोळखी नंबरवरून फोन येतात, ते कोणाचे हे खात्रीने कसं शोधायचं. आणि मिरजेत दोघंच राहणारे आई-वडील असा प्रत्येक फोन उचलतात, त्यांना काय सांगायचं.

खात्रीचं म्हणाल तर नंबरवरून माणूस शोधायची सोय तुमच्या-माझ्याकडे नाही. ती माहिती मोबाइल कंपनीकडे असते आणि रीतसर मागितली तर पोलिसांना मिळते. आपल्या हातात राहतो तो अंदाज. तो बऱ्याचदा पुरतो, पण माझं मत विचाराल तर फोन करणारा कोण याच्यामागे फार लागू नका, तो मागतोय काय तिकडे कान ठेवा. नाव खोटं सांगता येतं, स्क्रीनवरही खोटं दिसू शकतं. मागणी मात्र त्याला कधी ना कधी बोलून दाखवावीच लागते.

"अनोळखी फोन उचलूच नका" हा सल्ला माझ्या कामाचा नाही. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. हंगामात शेतकरी शेजाऱ्याच्या फोनवरून दर विचारतो, कारण त्याच्या फोनची बॅटरी उतरलेली असते. ड्रायव्हर गेटवरून "गाडी आलीया, कुठं लावू?" म्हणून ओरडतो. अथणी-जमखंडीकडचा माणूस निम्मं कानडी बोलतो. यातला एक फोन सोडला की माल गाडीत आणि आम्ही शिव्या खात. तेव्हा मी सगळे फोन उचलतो. घरात कोणी आजारी असेल, मुलगा बाहेरगावी असेल, नोकरीसाठी अर्ज केलेला असेल, तर तुम्हालाही उचलावेच लागतील.

नाव बघायला बहुतेकजण ट्रूकॉलर वापरतात, मीही वापरतो. पण तिथलं नाव कुठल्या सरकारी कागदावरून आलेलं नसतं. लोकांनी सेव्ह केलेली, सुचवलेली किंवा त्या माणसाने स्वतः भरलेली नावं तिथे दिसतात. त्यामुळे कधी भलतीच माहिती मिळते: "दादा टेम्पो", "हळद पार्टी वसमत", "पाणी सोडणारा". एकदा "बापू उधारी" असं नाव आलं. दुकानाच्या दृष्टीने याहून उपयोगी माहिती कुठली असणार! पण याच कारणाने "बँक मॅनेजर" किंवा "क्राइम ब्रँच" असं नाव लावून घ्यायला कोणाला अडचण नाही. शिवाय बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो, आणि जुन्या मालकाचं नाव तिथे तसंच लटकत राहतं.

सिम घेताना फॉर्मवर दिलेलं नावच समोरच्याच्या स्क्रीनवर दिसावं, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी 2024 मध्ये केली. सीएनएपी म्हणतात ते हेच. ट्रूकॉलरपेक्षा हे नाव भरवशाचं, यात वाद नाही. तरी भामट्यांकडची सिमं सहसा दुसऱ्याच गरिबाच्या कागदपत्रांवर काढलेली असतात. नाव खरं दिसेल, बोलणारा निराळाच असेल.

त्यापेक्षा यार्डात सगळे करतात ती युक्ती सोपी आहे. नंबर फोनपे किंवा गुगल पेमध्ये टाकायचा, जणू पैसे पाठवायचे आहेत. खात्याला नंबर जोडलेला असेल तर बँकेतलं नाव दिसतं. नाव वाचायचं आणि बाहेर पडायचं, पैसे पाठवायचे नाहीत. "नंबर टाका, लाइव्ह लोकेशन बघा" म्हणणाऱ्या वेबसाइटच्या नादी मात्र लागू नका. त्या फार तर सर्कल, म्हणजे नंबर कुठल्या राज्याच्या भागातला तेवढं सांगतात, आणि बदल्यात तुमचाच नंबर घेऊन बसतात. पहिल्या चार आकड्यांवरून कंपनी ओळखायचे दिवसही जानेवारी 2011 मध्ये देशभर नंबर पोर्टिंग सुरू झालं तेव्हाच संपले.

आकड्यांवरून थोडंफार कळतं ते असं. 140 ने सुरू होणारा नंबर जाहिरातीचा, तो सरळ कापा. 1600 ने सुरू होणारी मालिका बँका आणि सरकारी खात्यांच्या कामाच्या फोनसाठी ठेवली आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना तीच वापरायला सांगितलं. म्हणून साध्या दहा आकडी मोबाइलवरून "हेड ऑफिसमधून बोलतोय" असं कोणी म्हणालं की सावध व्हायचं. आता आपल्या शाखेतला ओळखीचा क्लार्क स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो हेही खरं आहे, पण तो ओटीपी विचारत नाही. 0233 म्हणजे सांगली-मिरज, 02162 सातारा, 02164 कराड. हे फोन बहुधा दवाखाना, पतसंस्था किंवा कॉलेजचे असतात. कुरिअर आणि खाणं पोचवणाऱ्यांचे फोन बरेचदा कंपनीच्या मधल्या नंबरवरून येतात, त्यावर उलट फोन लावून काही हाती लागत नाही. आणि +92, +84 असं काही दिसलं, परदेशात तुमचं कोणी नाही, तर मिस्ड कॉलला उलट फोन करू नका.

आता बोलायचं कसं. फोन उचलून स्वतःचं नाव सांगायचं नाही. "कोण पाहिजे?" एवढंच विचारायचं. कामाचा माणूस लगेच सांगतो, अमक्या दुकानात लावलाय, तमके आहेत का. भामटा उलट तुम्हालाच बोलतं करतो. मागच्या हंगामात मला आलेला फोन असा होता:

"नमस्कार! ओळखलं का?"
"नाही ओ. कोण?"
"आवाजावरनं ओळखा की. विसरला व्हय आम्हाला?"

इथेच आपली माणसं फसतात. भिडेपोटी कोणाचं तरी नाव घेतात, "तासगावचे भाऊजी काय?" आणि त्या क्षणी तो भाऊजी होतो. मी म्हणालो, "विट्याचे आप्पा का?" तो म्हणाला, "हां, आप्पाच!" माझ्या ओळखीत विट्याला आप्पा नावाचं कोणीच नाही. पुढे आप्पांनी सांगितलं की तुमच्या वडिलांचे पैसे द्यायचे होते, त्यांना गुगल पे जमत नाही, तुमच्याकडे टाकतो. फोन चालू असतानाच मेसेज आला, खात्यात 20000 जमा. मग आप्पा कळवळले: दोनच हजार टाकायचे होते, चुकून एक शून्य जास्त पडलं, दवाखान्यात आहे, अठरा हजार ताबडतोब परत करा. मेसेज नीट बघितला तर तो एका दहा आकडी मोबाइलवरून आलेला होता. बँकेचा मेसेज असा येत नाही, तिथे आकड्यांऐवजी बँकेच्या नावाची अक्षरं असतात. बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघितली, एक रुपयाही वाढलेला नव्हता. "यार्डात या, रोख देतो" म्हटल्यावर आप्पांचा फोन कट.

हाच फोन तुमच्या आईंना आला तर गंमत राहणार नाही. म्हणून त्यांना ट्रूकॉलर शिकवण्यापेक्षा कोणत्या मागणीला फोन ठेवायचा एवढं पक्कं करून द्या. ओटीपी किंवा पिन विचारला, ठेवायचा. पैसे मिळण्यासाठी पिन टाका म्हणाला, ठेवायचा, कारण पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल पाठवली, मग ती लग्नपत्रिका म्हणून असो, आरटीओचं चलन म्हणून असो की पीएम किसानची यादी म्हणून, उघडायची नाही. "आज रात्री वीज तोडणार" म्हणाला तर फोन ठेवून महावितरणच्या 1912 वर स्वतः विचारायचं. *401* लावून अमका नंबर दाबा म्हणाला तर अजिबात दाबायचं नाही. त्याने आपले फोन त्याच्याकडे वळतात आणि फोनवर बोलून सांगितला जाणारा ओटीपीही तिकडेच जातो. सरकारने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना ही सोय बंद करायला लावली आहे, तरी शंका आली तर ##002# लावा, वळवलेलं सगळं रद्द होतं.

खाकी घालून व्हिडिओ कॉल करणाऱ्यांबद्दल एकच सांगा: डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच अटक, असा प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. त्या फोनची खूण म्हणजे "घरात कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका". असं म्हटलं की पहिल्यांदा फोन ठेवायचा आणि दुसऱ्यांदा शेजारणीला हाक मारायची. आमच्या पिढीचा पोलिसांपुढे आवाज फुटत नाही, भामटे त्याच्याच जिवावर जगतात. फोन ठेवल्याबद्दल कोणी पकडून नेत नाही, हे वडिलांना दहादा सांगायला लागेल. सांगा.

वडिलांचा फोन हातात आला की दोन कामं करून टाका. व्हॉट्सॲपमध्ये गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे, ती चालू करा; कॉल यादीत दिसतो, फक्त वाजत नाही. आणि डॉक्टर, मेडिकल, गॅस एजन्सी, दूधवाला, पतसंस्थेची शाखा, सगळे नंबर नावानिशी सेव्ह करा. अनोळखी फोन आपोआप कमी होतात, कारण त्यातले निम्मे ओळखीचेच असतात!

जाहिरातीच्या फोनांसाठी 1909 वर डीएनडी, म्हणजे असे फोन नकोत अशी नोंद, लावा. तरीही आला तर सात दिवसांच्या आत तिथेच तक्रार करता येते. फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत, तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाचा भाग आहे, तिथे नंबर कळवा. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमं आहेत तेही बघता येतं. वडिलांच्या आधारवर कोणी परस्पर सिम काढलं असेल तर तिथेच उघडं पडेल.

बाईमाणसाला त्रास देणारा रोज नवीन नंबरवरून फोन करत असेल तर नुसतं ब्लॉक करत बसू नका. कॉल लॉग आणि मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. नकार दिल्यावरही पिच्छा पुरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे. सुरुवातीला म्हटलं ते कंपनीकडचं नाव काढायची वाट इथूनच जाते.

आणि पैसे गेलेच तर आधी 1930, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. बँकेत जायचं ते नंतर, नातेवाइकांना सांगायचं तेही नंतर. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत कळवलं तर ती मधेच गोठवता येते, म्हणून रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर घेऊन बसा, तेच विचारतात.